रात्री उठणार कोण?

"आजकालच्या मुलींना लग्न नको, केलं तर मूल नको, नुसतं करिअर करिअर." हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत लग्नाच्या पंगतीत ऐकलं, सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरीला ऐकलं, माहेरी साताऱ्याला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ऐकलं, आणि दर वेळी बोलणारं माणूस मनापासून काळजीने बोलत होतं म्हणून मी गप्प बसले. आता लिहूनच टाकते. मी स्वतः एका मुलीची आई आहे, ती मला हवी होती, ती झाली याचा अजून रोज आनंद होतो, त्यामुळे मी आईपणाच्या विरुद्ध काही बोलतेय असं कृपा करून कुणी समजू नका. मला दिसतं ते एवढंच की आजच्या मुली हिशोब मांडतात, मूल झालं तर दिवसाचे किती तास जाणार, पगारातलं किती जाणार, आणि ते कुणाचं जाणार. तो हिशोब बरोबर आहे, आणि आपल्याला तो बघायचा नसतो म्हणून आपण मुलींनाच स्वार्थी म्हणून मोकळे होतो.

त्या हळदीकुंकवाला माझी एक आतेबहीण आली होती, ३४ वर्षांची, हिंजवडीत एका कंपनीत टीम लीड आहे, लग्नाला सहा वर्षं झालीत. अर्ध्या तासात तिला तिघींनी विचारलं गुड न्यूज कधी, एकीने तर पोटाकडे बघत विचारलं काही आहे का. तिची ट्रीटमेंट चालू आहे, दोनदा आयव्हीएफ फेल गेलंय, हे मला माहीत होतं आणि तरी मी तिळगूळ वाटत राहिले, एक शब्द बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते. तिचा नवरा बाहेरच्या खोलीत चहा घेत बसला होता, त्याला सगळे नवी गाडी किती ॲव्हरेज देते ते विचारत होते. सहा वर्षांत त्याला किती जणांनी विचारलं असेल असं मी नंतर तिला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, एकदा, त्याच्या आजोबांनी, आणि ते पण "हिला जरा चांगल्या डॉक्टरकडे ने" एवढंच.

यात बदललंय काय आणि तसंच राहिलंय काय ते नीट बघा. तिला नोकरी सोड असं कुणीच म्हणलं नाही, पन्नास वर्षांपूर्वी नक्की म्हणले असते. आता म्हणत नाहीत कारण फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारावर बसवलेला असतो आणि स्थळ बघतानाच मुलीचं पॅकेज विचारून घेतलेलं असतं. पूर्वी लग्नाच्या जाहिरातीत गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष एवढं असायचं, आता त्याच ओळीत उच्चशिक्षित, नोकरी करणारी, पुण्यात सेटल व्हायची तयारी असलेली आणि शिवाय कुटुंबवत्सल असं सगळं येतं. म्हणजे जुन्या अपेक्षा उतरल्या नाहीत, त्यांच्यावर नव्या रचल्या. आईने सांगितलं तसा कुळाचार पण करायचा, अप्रेझल पण सांभाळायचं, तिशीच्या आत लग्न, पस्तिशीच्या आत दोन मुलं, आणि हे सगळं करताना चेहरा हसरा. मुलगे या बाबतीत अजिबात बदलले नाहीत असं मी म्हणणार नाही, माझ्या ओळखीत पोळ्या लाटणारे, पोरांना अंघोळ घालणारे बाप आहेत, पण ते केलं की त्यांचं कौतुक होतं आणि बाईने केलं की कुणाच्या लक्षातही येत नाही, यावरूनच काम कुणाचं समजलं जातं ते कळतं.

माझ्या स्वतःच्या मताला आकड्याचा आधार पण आहे. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये बिनपगारी घरकामाची वेळ मोजलीये. स्वतःच्या घरचं काम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. लक्षात घ्या, हे जे करतात त्यांचे आकडे आहेत, जे काहीच करत नाहीत ते यात धरलेले पण नाहीत. मुलांचं आजारपण, म्हाताऱ्यांचं औषधपाणी ते वेगळंच. मग एखादी मुलगी म्हणाली की ऑफिसचे नऊ तास, प्रवासाचे दोन आणि वर हे पावणेपाच तास, यात बाळ कुठे बसवू, तर तिला आपण काय उत्तर देणार? आमच्यावेळी आम्ही केलंच की, हे उत्तर नाही. तुमच्यावेळी तुम्ही केलंत आणि कसं केलंत ते मी माझ्या आईचं बघितलंय, ती शाळेत शिक्षिका होती, पहाटे साडेचारला उठायची, रात्री वह्या तपासता तपासता बसल्या जागी झोपायची, आणि तिचा पगार ती कधी स्वतःच्या हातात ठेवू शकली नाही.

आईचीच आणखी एक गोष्ट. मी झाले, भाऊ झाला, आणि आईचं ऑपरेशन झालं. बाबांचं नाही. बाबा चांगले होते, पण हा विषय घरात निघालाच नाही, बाईनेच करायचं असतं हे इतकं गृहीत होतं. खरं तर पुरुषाची नसबंदी सोपी, पोट उघडावं लागत नाही, थोड्या वेळात माणूस घरी जातो. पण आणीबाणीत, १९७६ ला, पुरुषांना धरून धरून नसबंद्या केल्या, आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं बिल मंजूर केलं होतं (राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही), पुढच्याच वर्षी दिल्लीतलं सरकार पडलं आणि त्यानंतर पुरुषांना हात लावायची कुठल्याच सरकारची हिंमत झाली नाही. सगळा भार बायकांवर सरकला तो सरकलाच. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, आणि पुरुषांचं प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी पुढे त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि पाळणा थांबवायची जबाबदारी अजून एकटीचीच आहे.

आता शहरातलं जरा बाजूला ठेवते कारण मला ज्या गोष्टीने खरी झोप लागत नाही ती बीडची आहे. आपण इकडे मुली मूल होऊ देत नाहीत म्हणून रडतोय आणि याच राज्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांनी तिशीच्या आसपास गर्भाशयाची पिशवी काढून टाकलीये. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली होती, बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशय काढल्याची नोंद आली. सहा जणींत एक!

का काढतात ते समजून घ्यायला तिथलं काम माहीत पाहिजे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता धरतात, दोघांना मिळून मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते ती पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात कोपी, म्हणजे झोपडी, टाकून राहते. पहाटे अंधारात उठून ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा, संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसात धुवायला पाणी नाही. एक दिवस खाडा झाला की दंड कापतात, म्हणजे पाळीची सुट्टी नाही, गरोदरपणाची नाही, बाळंतीण झाली तरी काही दिवसांत परत उसाच्या फडात. कोपीतच, नाहीतर फडाच्या कडेला बाळंत झालेल्या बायका आहेत. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की कॅन्सर होईल म्हणून भीती घालतात आणि काढून टाका म्हणतात, आणि बाईला पण वाटतं की दोन पोरं झालीत, आता या पिशवीचं काय काम, निदान खाडा तरी पडणार नाही. नंतर कंबर जाते, हाडं जातात, चाळिशीत साठीची दिसायला लागते, आणि ऑपरेशनचा खर्च भागवायला पुन्हा उचल.

तिच्या मुलीचं काय होतं ते पण बघा. आईबाप सहा महिने तोडीला, वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लवकर लग्न लावून टाकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. २०१९-२१ च्या त्या कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी आणि बीडमध्ये २० ते २४ वयाच्या मुलींमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या ४० टक्क्यांहून जास्त निघाल्या. कायदा १९७८ पासून अठरा म्हणतोय. २०२१ ला लोकसभेत मुलींचं लग्नाचं वय एकवीस करायचं बिल आणलं होतं, ते तसंच पडून राहिलं आणि २०२४ ला लोकसभेबरोबर संपलं. मला विचाराल तर वय वाढवण्यापेक्षा तोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी गावात चांगलं वसतिगृह काढा, दहावी-बारावीपर्यंत चालू ठेवा, लग्नाचं वय आपोआप वर जाईल.

हिंजवडीतली आणि फडातली, दोघींचं काही जुळत नाही असं वाटेल. एकीला मूल का नाही म्हणून बोलणी बसतात, दुसरीच्या पिशवीची तिच्यासकट कुणालाच किंमत वाटेनाशी होते. पण दोघींच्या शरीराचं वेळापत्रक दुसरंच कुणीतरी लावतंय. कुठे घर लावतं, कुठे मुकादम, कुठे सरकार, आणि याची गंमत वाटत नाही, राग येतो मला, की यातल्या एकालाही रात्री तीनला बाळ रडलं तर उठायचं नसतं.

सरकार आणि पुढाऱ्यांचं तर बघायलाच नको. माझ्या लहानपणी एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण असायचा, छोटं कुटुंब सुखी कुटुंब. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, २००५ पासून सरकारी नोकरीसाठी पण छोट्या कुटुंबाची अट आली. त्या अटीपायी किती सुनांना तिसऱ्या वेळी दवाखाना दाखवला असेल, किती पोरी दुसऱ्याच्या नावावर चढल्या असतील, याचा विचार करा, कारण मुलगा तर हवाच असायचा. आणि आता उलटं वारं सुरू झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडूंनी आंध्रातल्या लोकांना जास्त मुलं होऊ द्या सांगितलं, १ डिसेंबर २०२४ ला नागपुरात मोहन भागवत म्हणाले की जननदर (म्हणजे एका बाईमागे सरासरी किती मुलं) २.१ च्या खाली जाऊ नये, दोनाहून जास्त मुलं हवीत. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्याचा जननदर १.७ आला होता. आकडा खरा आहे, आणि पुढे म्हातारे जास्त, कमावते कमी अशी वेळ येणार ही काळजी पण खोटी नाही, मी ती उडवून लावत नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर सोसायटीत सहा फ्लॅटमध्ये फक्त आजी-आजोबा राहतात. पण कमी करा म्हणणारे पुरुष होते, वाढवा म्हणणारे पण पुरुषच आहेत, आणि दोन्ही वेळा बाईला विचारलं नाही, सांगितलं. ज्यांना तिसरं मूल हवंय त्यांनी त्याच भाषणात पाळणाघराचं बोलावं, बापाच्या रजेचं बोलावं, सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डचं बोलावं, मग मी बसून ऐकेन.

रजेचंच घ्या. २०१७ ला कायदा सुधारला आणि पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली, चांगलंच झालं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही त्यात आलं. पण बऱ्याच नोकऱ्यांत रजेचा सगळा पगार मालकाने द्यायचा, त्यामुळे लहान कंपन्या लग्न झालेल्या तिशीच्या मुलीला घ्यायलाच कचरतात. मला स्वतःला एका इंटरव्ह्यूत विचारलं होतं, चान्स घेण्याचा विचार आहे का? नाव घेत नाही, पण तो प्रश्न विचारणाऱ्या साहेबांच्या टेबलावर त्यांच्या दोन गोड मुलांचा फोटो होता. आणि बापाला? केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस, खासगीतल्या बापाला कायद्याने एक दिवस नाही, कंपनीच्या मनात आलं तर. म्हणजे कायद्यानेच लिहून दिलंय की मूल हिचं आहे. हे जोपर्यंत असंच आहे तोपर्यंत मालक बाईलाच टाळणार, कारण त्याच्या दृष्टीने मूल फक्त तिलाच होतं. बापाला पण सक्तीची, पगारी आणि बऱ्यापैकी लांब रजा द्या, आणि दोघांच्याही रजेच्या पगारात सरकारने वाटा उचलावा, मग मालकाला बाई काय पुरुष काय, दोघं सारखेच पडतील. मला वाटतं एवढ्या एका गोष्टीने शंभर भाषणांपेक्षा जास्त फरक पडेल.

एक गोष्ट मी नाकारत नाही. वय हा प्रश्न आहे. पस्तिशीनंतर दिवस राहणं अवघड होत जातं, आतेबहिणीचं मी जवळून बघतेय, इंजेक्शनं, पैसे, दर महिन्याला पुन्हा तेच. मोठी माणसं घाई करतात तेव्हा त्यात ही पण काळजी असते. पण नोकरीत पाय रोवायची वर्षं आणि मूल व्हायची वर्षं एकच आहेत, शरीर तर बदलता येत नाही, मग बदलायला उरलं काय? नोकरीची पद्धत, घरातल्या कामाची वाटणी आणि बापाचं वागणं. ते तिन्ही सोडून आपण फक्त मुलीलाच घाई कर म्हणतो.

आणि ज्यांना खरंच नकोय? ज्यांना लग्नच नकोय? त्यांना पण सुखाने राहू द्या. आपल्याला याचं फार नवल वाटायला नको, आपल्याकडे जोतीराव-सावित्रीबाई झालेत. त्यांना मूल झालं नाही, दुसरं लग्न करा असा घरच्यांचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही. १८६३ ला पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, सावित्रीबाईंनी तिथली बाळंतपणं काढली, १८७४ ला काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं मूल दत्तक घेतलं, तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या घरात मूल नसलेल्या सुनेची ओटी भरायला हात मागे येतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. कायदा पुष्कळ पुढे आलाय, एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कुणालाही दत्तक घेऊ शकते, २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की गर्भपाताच्या हक्कात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने त्याच वर्षी मे महिन्यात कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद केली, साध्या ग्रामसभेत ठराव करून. म्हणजे गावाने मनात आणलं तर होतं.

गावचा आणखी एक विषय राहिलाच, पोरांची लग्नं जमत नाहीत. डिसेंबर २०२२ ला सोलापुरात नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून पोरांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता. लोक हसले त्यावर, मला हसू आलं नाही, ती चांगली कष्टाळू पोरं आहेत आणि त्यांचं दुःख खरं आहे. पण २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, सहा वर्षांच्या आतल्या. ती पोरं पुढच्या काही वर्षांत लग्नाला येतील आणि त्यांच्या वाट्याच्या मुली जन्मालाच आल्या नाहीत. आज लग्नाला आलेल्या मुली शिकल्या आणि शेतकरी नवरा नको म्हणतात. का म्हणतात हे त्यांना विचारून बघा, आळस नाहीये तो. त्यांनी आईला बघितलंय, पहाटे धारा, मग चूल, मग रान, संध्याकाळी परत धारा, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. शेतकरी संघटनेने मागे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम केला होता, बायकोच्या नावावर जमीन करून द्यायचा, हजारो शेतकऱ्यांनी करून दिली. मला वाटतं आजच्या वरपक्षाने बघायला जाताना पत्रिकेबरोबर सातबारा पण न्यावा आणि त्यावर सुनेचं नाव लावायची तयारी सांगावी, मग मुली नाही म्हणतात का बघू.

माझ्या भाचीचं सध्या बघणं चालू आहे, २७ वर्षांची, फार्मसी केलंय तिने. मागच्या रविवारी पोहे झाले, मग दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. त्याने तिला विचारलं, लग्नानंतर मुलाबद्दल तुझं काय मत आहे? ती म्हणाली हवंय मला, तू किती दिवस सुट्टी घेशील? मुलगा गोंधळला, म्हणाला हा विचारच केला नव्हता. खाली आल्यावर त्याच्या आईला ते कळलं आणि त्यांचा चेहरा जरा उतरला, आमच्या वहिनी पण भाचीवर चिडल्या, असं विचारतात का पहिल्याच भेटीत. गुरुवारी त्या मुलाचा भाचीला मेसेज आला. त्याने एचआरला विचारलं, पाच दिवस मिळतात. पुढे लिहिलं होतं की माझी साठलेली रजा धरली तर सव्वा महिना होईल, आणि रात्रीचं मी बघू शकतो, मला जागरणाची सवय आहे. या रविवारी ती दोघं परत भेटणार आहेत, घरच्यांशिवाय.